स्टार ट्रेकवाल्यांची मैत्री खरी होती का? मेकअपच्या खुर्चीमागून बघितलं तर काय दिसतं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही स्टार ट्रेकच्या, म्हणजे अंतराळयानावरच्या लोकांची गोष्ट सांगणाऱ्या त्या अमेरिकन मालिकांच्या, सगळ्या सिरीज एकामागून एक बघितल्या, मग कलाकारांचे इंटरव्ह्यू बघायला लागलात, आणि तुम्हाला दिसलं की नेक्स्ट जनरेशनवाली, म्हणजे ऐंशीच्या दशकात आलेल्या नव्या सिरीजमधली मंडळी म्हातारी झाली तरी एकमेकांच्या गळ्यात हात टाकून बसतात आणि पहिल्या सिरीजमधले विल्यम शॅटनर (कप्तान कर्क) आणि लिओनार्ड निमॉय (टोकदार कानांचा परग्रहवासी स्पॉक) मात्र शेवटी बोलतही नव्हते. मग यातली मैत्री किती आणि पब्लिसिटी किती? आणि दुसरं, असल्या सायन्स फिक्शन सिरीयलने या लोकांचं करिअर घडलं की बसलं?

मी आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. २००२ पासून मी टीव्हीच्या सेटवर आहे, आधी हेअरला असिस्टंट, मग हेअर ड्रेसर, आणि गेली दहा-अकरा वर्षं मेकअप. मेकअप मला आधीपासून येत होता पण तेव्हा आपल्याकडे बायकांना युनियन मेकअप आर्टिस्टचं कार्डच देत नव्हती, नोव्हेंबर २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते चूक ठरवलं तेव्हा कुठे उघडपणे ब्रश हातात धरता आला. त्यानंतर दोन पौराणिक मालिकांवर प्रोस्थेटिक केलं, म्हणजे वानर, राक्षस, रबरी कपाळं, खोटे कान वगैरे. त्यामुळे कान लावलेल्या स्पॉककडे किंवा नेक्स्ट जनरेशनमधल्या, कपाळावर हाडं असलेल्या वॉर्फकडे बघताना मला आधी दिसतो तो पहाटे चारला उठून आलेला माणूस. या अमेरिकन लोकांना मी भेटलेले नाही. पुढे जे सांगतेय ते त्यांनी स्वतः पुस्तकांत, मुलाखतींत, स्टेजवर सांगितलेलं आहे, त्याचा अर्थ लावते आहे ती मी.

तर पहिली गोष्ट, मैत्री खरी की खोटी असं विचारून सेटवरचं काही कळत नाही. बारा तास एकत्र, तोच डबा, तोच एसी बंद पडलेला मेकअप रूम, एकाला ताप आला तर दुसरा गोळी देतो, एकीचं लग्न मोडलं तर सगळ्या मिळून तिला सावरतात. हे सगळं खरंच असतं हो, कुणी नाटक करत नाही. पण पॅकअप झाल्यावर, म्हणजे सिरीयलचं शेवटचं पॅकअप, सहा महिन्यांत तो ग्रुप शांत होतो आणि त्यातही कुणाची चूक नसते, नवीन सेट लागतो आणि माणूस तिथला होतो. म्हणून मी रील्स आणि हसणं मोजतच नाही. मी बघते की कामाची वाटणी होते तेव्हा कोण काय करतं. कुणाचा ट्रॅक कापला जातोय, कुणाचा क्लोजअप काढून दुसऱ्याला दिला जातोय, कुणाला बदलायचं ठरतंय, अशा वेळी बाजूचा माणूस तोंड उघडतो की मोबाईलमध्ये बघतो. माझ्यासाठी मैत्री तिथे कळते.

एक प्रसंग सांगते. २००९ किंवा १० साल असेल, माझ्याकडे हेअरचं कार्ड आणि मी एका सीनियर अभिनेत्रीचा मेकअप करत होते, म्हणजे नियमाप्रमाणे गुन्हाच. अचानक युनियनची माणसं चेकिंगला आली. दार वाजलं तसा तिने माझ्या हातातला पफ काढून घेतला, आरशात बघून गालावर मारायला सुरुवात केली आणि शांतपणे म्हणाली, मेकअप मी माझा करते, ही केस बघते. माणसं पाच मिनिटं उभी राहिली, ती पाच मिनिटं पफ मारत राहिली, सगळा बेस खराब झाला, तो नंतर आम्ही पुसून पुन्हा केला आणि शॉटला उशीर झाल्याचं बोलणं तिने स्वतःवर घेतलं. आमची काही घट्ट मैत्री नाही, तीन वर्षांत एखाद्या लग्नात भेटतो. पण माझं त्या महिन्याचं भाडं त्या पफने वाचवलं. तेव्हापासून मी हेच बघते, दुसऱ्याच्या पोटावर पाय येत असताना कोण मधे उभं राहिलं.

आता हेच घेऊन स्टार ट्रेककडे चला. बरंच काही परिस्थितीवर असतं हे आधी मान्य करते, हिरो किती आहेत, करार कसा आहे, पैसे कुणाला किती, शूटिंग कुठे, हे बदललं की माणसं वेगळी वागतात. पहिली सिरीज १९६६ ला सुरू झाली, तीन सीझन, ७९ एपिसोड, १९६९ ला बंद. एक एपिसोड साधारण सहा दिवसांत उरकायचा. शॅटनर आणि निमॉय दोघंही मार्च १९३१ चे, फक्त चार दिवसांचं अंतर, दोघंही ज्यू घरातले, एक माँट्रियलचा एक बॉस्टनचा, आणि १९६४ ला एका गुप्तहेरांच्या सिरीयलच्या एका भागात दोघांनी एकत्र कामही केलेलं होतं. पण शॅटनर हिरो म्हणून आला होता आणि निमॉय कान लावलेला दुसऱ्या नंबरचा माणूस म्हणून. निमॉयला ते कान मुळीच नको होते, लोक हसतील अशी भीती, तेव्हा निर्माता जीन रॉडेनबेरीने त्याला शब्द दिला की तेरा एपिसोड कर, तरी नको वाटले तर मी अशी गोष्ट लिहीन की स्पॉकच्या कानांचं ऑपरेशन होईल. फ्रेड फिलिप्स नावाच्या मेकअपमनने ते कान जमवले. आणि झालं भलतंच, पत्रांचा ढीग यायला लागला तो कानवाल्याला.

इथे मेकअप रूममधला एक प्रसंग घडला तो मला फार ओळखीचा वाटतो. लाइफ मासिकाचा फोटोग्राफर निमॉयचा मेकअप टप्प्याटप्प्याने टिपायला आला होता. शॅटनरही तिथेच तयार होत होता आणि त्याला ते खटकलं, थोड्या वेळात निरोप आला की फोटोग्राफर नको. फोटोग्राफर बाहेर गेला. निमॉय म्हणाला ठीक आहे, तो परत आत येईपर्यंत मी कान लावून घेणार नाही. आता बघा, सहा दिवसांत एपिसोड, एक एक तास मोलाचा, आणि स्पॉक खुर्चीत अर्धवट बसलेला. मी असे सकाळचे तमाशे बघितलेत, त्यात खरं भांडण फोटोचं नसतंच, हा सेट कुणाचा आहे याचं असतं. दोघांनीही नंतर हे उघडपणे सांगितलंय हे मला त्यांचं चांगलं वाटतं.

तशीच ती सायकलची गोष्ट. निमॉयला कान लावून सगळ्यांसारखं चालत जेवायला जायचं तर रांगेत मागे पडायचा, म्हणून त्याने सायकल आणली, लंच ब्रेक झाला की सायकलवर टांग टाकून सगळ्यांच्या आधी कँटीनमध्ये. शॅटनरने ती सायकल लपवली, कुलूप लावलं, एकदा तर दोरीने स्टुडिओच्या छताला टांगली. लोक हा किस्सा गंमत म्हणून सांगतात, आणि गंमत आहेच, पण स्पॉट दादा लोकांना विचारा, अशी गंमत नेहमी एकाच माणसाची होत असेल तर ती गंमत राहत नाही. तरी माझा अंदाज असा आहे की त्या सायकलमुळेच त्यांचं थोडं जुळलं असणार, कारण ज्याच्याशी आपल्याला काही देणंघेणंच नाही त्याची सायकल कुणी छताला टांगत नाही.

मग यातून वाट कशी निघाली ते फार शिकण्यासारखं आहे. कप्तानापेक्षा स्पॉक लोकप्रिय होतोय याचं काय करायचं हे रॉडेनबेरीने चक्क विज्ञानकथा लेखक आयझॅक आसिमॉव्हला पत्र लिहून विचारलं आणि आसिमॉव्हने सुचवलं की दोघांना जास्तीत जास्त एकत्र दाखवा, एकाने दुसऱ्याचा जीव वाचवायचा, म्हणजे लोकांना एक आठवला की दुसरा आठवेल. म्हणजे आपण ज्या मैत्रीवर जीव टाकतो ती आधी लेखकाच्या टेबलावर जुळवलेली आहे. पण असं वर्षानुवर्षं एकमेकांच्या डोळ्यांत बघून सीन केले की त्यातलं काही माणसात उतरतं, हे मी नवरा-बायकोचे रोल करणाऱ्यांचं बघितलंय, भावंडांचे रोल करणाऱ्यांचं तर फारच.

आणि पुढे वकिलांनी एक कलम घातलं की एकाला जे मिळेल ते दुसऱ्यालाही मिळालं पाहिजे. निमॉयने १९८४ चा तिसरा आणि १९८६ चा चौथा सिनेमा डायरेक्ट केला, मग त्या कलमामुळे १९८९ चा पाचवा शॅटनरला मिळाला. तुम्ही म्हणाल हा तर व्यवहार झाला. हो, व्यवहारच, पण माझ्या मते ही दोघं इतकी वर्षं टिकली त्यात या कलमाचा वाटा मोठा आहे. वाटणीचं भांडण एकदा कागदावर मिटलं की माणसाला दुसऱ्याचं बरं झालेलं बघवतं. आपल्याकडे दोन लीडच्या मालिकेत कुणाचं नाव आधी यावं यावरून सहा-सहा महिने जे चालतं ते बघितलं की मला हे कलम आठवतं.

आता माझ्या मापाने मोजायचं तर सगळ्यात मोठी गोष्ट १९७३ ची. स्टार ट्रेकची कार्टून मालिका करायचं ठरलं, बजेट कमी, म्हणून पहिल्या सिरीजमधले छोट्या रोलचे कलाकार जॉर्ज ताकेई आणि निशेल निकोल्स यांना न घेता त्यांचे आवाज दुसऱ्या दोघांकडून काढून घ्यायचा विचार होता. निमॉयने सांगितलं की हे दोघं नसतील तर मीही नाही. स्पॉकशिवाय मालिका निघणार नव्हती, दोघांना काम मिळालं. त्यातही सगळ्यांचं भलं झालं असं नाही, त्यांचाच सहकलाकार वॉल्टर केनिग बजेटमधे बसलाच नाही, त्याला एक एपिसोड लिहायला मिळाला तेवढंच. पण तुम्ही विचार करा, निमॉयला यात स्वतःचा फायदा शून्य होता, आणि त्या वेळी ताकेई आणि निकोल्स यांच्याकडे नाही म्हणायची ताकदच नव्हती. ज्याच्याकडे ताकद होती त्याने ती दुसऱ्यासाठी वापरली. मी याला मैत्री म्हणते, मग ते रोज फोनवर बोलत होते की नव्हते याने मला फरक पडत नाही.

शॅटनरबद्दल बाकीच्यांची तक्रार नेमकी याच्या उलटी आहे. ताकेई, केनिग, निकोल्स, जेम्स डूहन, सगळ्यांनी कधी ना कधी सांगितलंय की आमचे डायलॉग कमी व्हायचे, आमचे शॉट जायचे. शॅटनरचं म्हणणं की मला कळलंच नाही की हे लोक माझ्यावर इतके नाराज आहेत. मला विचाराल तर दोन्ही खरं असू शकतं. लीडच्या खुर्चीत बसलेल्या माणसाला रोज दहा-बारा सीन पाठ करायचे असतात, कोपऱ्यातल्या माणसाचा आज एकच डायलॉग होता आणि तो कापला हे त्याला दिसतही नाही, आणि त्या कोपऱ्यातल्या माणसाने घरी सगळ्यांना सांगून ठेवलेलं असतं की आज माझा डायलॉग आहे. मी त्या एका डायलॉगसाठी दीड तास मेकअप केलाय आणि तो न घेताच उतरवलाय, तेव्हा त्या माणसाचा चेहरा आरशात बघवत नाही. २००८ मध्ये ताकेईने लग्न केलं तेव्हा त्याच्या बाजूला करवला म्हणून केनिग उभा होता आणि करवलीच्या जागी निशेल निकोल्स. चाळीस वर्षांनी. कोपऱ्यातली माणसं एकमेकांना धरून राहिली.

डूहनचं जाता जाता सांगते कारण मेकअप-कंटिन्यूइटीवाल्यांना हे आवडेल, दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यातून तो नॉर्मंडीला उतरला होता आणि तिथे उजव्या हाताचं मधलं बोट गेलं. अख्ख्या सिरीजमध्ये तो हात बहुतेक वेळा असा ठेवलाय की तुमच्या लक्षातही येत नाही.

आता शेवटचा अबोला. निमॉयचं २७ फेब्रुवारी २०१५ ला निधन झालं, त्याआधी काही वर्षं तो शॅटनरशी बोलत नव्हता आणि शॅटनरने पुस्तकात लिहिलंय की मला आजही नक्की कारण माहीत नाही, एका डॉक्युमेंटरीसाठी त्याला न विचारता त्याचं शूटिंग झालं त्याचा राग असेल कदाचित. अंत्यसंस्काराला शॅटनर गेला नाही, फ्लोरिडात रेड क्रॉसच्या कार्यक्रमाचा शब्द दिला होता, त्याच्या मुली गेल्या, आणि लोकांनी त्याला खूप बोलून घेतलं. तुम्हाला वाटतंय की यावरून आधीची मैत्री खोटी ठरते. मला तसं वाटत नाही. शॅटनरची बायको नेरीन दारूच्या आजारात होती तेव्हा निमॉयने तिला त्यातून बाहेर काढायची खूप धडपड केली, कारण तो स्वतः त्यातून गेलेला होता, स्टार ट्रेकच्या दिवसांतच त्याचं पिणं वाढलं होतं असं त्याने स्वतः सांगितलंय. १९९९ मध्ये ती गेली. एखाद्याच्या घरात इतक्या आत जाऊन मदत केलेल्या माणसाने शेवटची काही वर्षं बोलणं सोडलं, तर तुटलं ते खरं होतं म्हणूनच इतकं लागलं असं मी म्हणेन. न विचारता कॅमेरा लावणं ही गोष्ट बाहेरच्यांना छोटी वाटते, पण आम्ही मेकअप रूममध्ये फोन वर केला तरी आधी विचारतो, कारण ज्याचा चेहरा हेच ज्याचं पोट आहे त्याच्यासाठी ते छोटं नसतं.

इथे करिअरचं बोलून घेते कारण ते मैत्रीशी जोडलेलंच आहे. पहिली सिरीज बंद झाली तेव्हा त्या काळच्या करारांप्रमाणे रिपीटचे पैसे ठरावीक वेळाच मिळायचे. म्हणजे सत्तरच्या दशकात सिरीज रोज संध्याकाळी गावोगावच्या चॅनलवर लागत होती, मुलांच्या पिढ्या तिच्यावर वाढत होत्या, आणि कलाकारांच्या खात्यात त्याचं काही येत नव्हतं. शॅटनरचा घटस्फोट झालेला, तो पिकअप ट्रकच्या मागे केबिन बसवून त्यातच राहत गावोगाव नाटकं करत होता, जुलै १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला ते त्याने त्याच ट्रकमध्ये पडून छोट्याशा टीव्हीवर बघितलं असं तो सांगतो. कालपर्यंत टीव्हीवरचा अंतराळयानाचा कप्तान! आणि तोच माणूस ऑक्टोबर २०२१ मध्ये नव्वदाव्या वर्षी खरोखर अंतराळात जाऊन आला. निमॉयला लगेच मिशन इम्पॉसिबल ही सिरीयल मिळाली, मग नाटकं, मग दिग्दर्शन, १९८७ चा थ्री मेन अँड अ बेबी त्याचाच, त्या वर्षी अमेरिकेत सगळ्यात जास्त चाललेला. निकोल्सने वेगळीच वाट काढली, नासासाठी बायकांना आणि कृष्णवर्णीयांना अंतराळवीर व्हायला बोलवायचं काम केलं, त्या भरतीतून अंतराळात गेलेली पहिली अमेरिकन बाई सॅली राइड आणि पहिला कृष्णवर्णीय अमेरिकन गायन ब्लूफर्ड आले. बाकीच्यांना मात्र ऑडिशनला गेलं की उत्तर ठरलेलं, तुम्ही तर स्टार ट्रेकवाले.

मग त्यांना तारलं कुणी, तर चाहत्यांच्या मेळाव्यांनी. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला पहिला मोठा मेळावा झाला आणि नंतर ते वाढतच गेले, कलाकार जायचे, बोलायचे, सह्या द्यायचे, त्याचे पैसे मिळायचे. आपल्याकडे ज्याला सुपारी म्हणतात त्याच्या जवळचं, दुकानाचं उद्घाटन, दहीहंडी, हळदीकुंकू. पण एक मोठा फरक आहे आणि तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. आपली सुपारी सिरीयल चालू असेपर्यंतच असते आणि बहुतेक वेळा एकट्याने जायची असते. तिकडे सिरीयल संपल्यावर चाळीस-चाळीस वर्षं हीच माणसं वर्षातून अनेकदा एकाच हॉटेलात उतरतात, एकाच स्टेजवर बसतात, रात्री एकत्र जेवतात. आपल्याकडे कुणाला सिरीयल संपल्यावर सहकलाकारांना भेटायचं असेल तर मुद्दाम गोरेगाव ते ठाणे ट्रॅफिक सोसून जावं लागतं, त्यांना भेटायचेच पैसे मिळतात. पैशासाठी भेटले म्हणून ते भेटणं खोटं होत नाही. सवय राहते, आणि सवय राहिली की माणूस राहतो.

नेक्स्ट जनरेशनचं बघा आता. १९८७ ते १९९४, १७८ एपिसोड. तिथला कप्तान पिकार्ड म्हणजे पॅट्रिक स्ट्युअर्ट, लंडनच्या शेक्सपियरच्या नाटकांतून आलेला, त्याला सगळ्यांनी सांगितलेलं की हे चालणार नाही, त्याचा नट मित्र इयन मॅकेलनने तर जाऊच नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे पहिले काही आठवडे त्याने बॅगासुद्धा रिकाम्या केल्या नव्हत्या. आणि सेटवर हे बाकीचे सतत हसतायत, गाणी म्हणतायत, तेव्हा त्याने सगळ्यांना बोलावून खडसावलं की आपण इथे मजा करायला आलेलो नाही. सहकलाकार ब्रेंट स्पायनर आणि जोनाथन फ्रेक्सना यावरही हसू आलं, हा रागावून निघून गेला. पुढे काय झालं ते तो स्वतःच आत्मचरित्रात लिहितो, चूक माझी होती. या लोकांनी मला बदललं असं तो आजही सांगतो. माझ्या अनुभवात लीडने पहिल्या वर्षात स्वतःची चूक मान्य केली तर तो सेट सात वर्षं सुखात चालतो, आणि नाही केली तर प्रत्येकाचा वेगळा मेकअप रूम होतो.

शिवाय तिथे सगळे एकाच त्रासात होते, हेही विसरू नका. पहिली दोन वर्षं ते स्पँडेक्सचे युनिफॉर्म एक साईझ लहान शिवलेले, पाठी दुखायच्या. आंधळ्या इंजिनिअरचा रोल करणाऱ्या लेव्हार बर्टनच्या डोळ्यांवरची ती पट्टी कानशिलांवर इतकी दाबायची की रोज संध्याकाळी डोकं ठणकायचं, वर तिच्यातून धड दिसायचंही नाही. मायकल डॉर्न, म्हणजे वॉर्फ, सात वर्षं रबरी कपाळात, नंतर डीप स्पेस नाइन या पुढच्या स्टार ट्रेक सिरीजवर आणखी चार. आणि कुणाचं कुणाशी डायरेक्ट भांडण लागावं अशी रचना नव्हती, सात-आठ जणांत गोष्टी वाटलेल्या, आज तुझा एपिसोड उद्या माझा. फ्रेक्सला डायरेक्शन शिकायचं होतं तर तो कित्येक तास एडिटिंगला जाऊन बसला, मग १९९० मध्ये त्याला पहिला एपिसोड मिळाला, नंतर फर्स्ट कॉन्टॅक्ट हा सिनेमाच मिळाला, आणि त्याच्या मागून बर्टन, स्ट्युअर्ट, मॅकफॅडन, डॉर्न सगळ्यांनी डायरेक्शन केलं. म्हणजे तुम्ही विचारलेल्या करिअरचं उत्तरही इथेच आहे, ज्यांनी सेटवर दुसरं काम शिकून घेतलं त्यांचं भागलं, फ्रेक्स आज मुख्यतः दिग्दर्शक आहे. २०२३ मध्ये पिकार्ड नावाच्या नव्या सिरीजच्या तिसऱ्या सीझनला सगळे परत एकत्र आले तेव्हा त्याचे दोन एपिसोड त्याच फ्रेक्सने केले. त्यांचं हसणं बघून तुम्हाला जे खरं वाटतं ते खरंच आहे असं मला वाटतं, पण कारण ते फार थोर माणसं आहेत हे नाही, वाटणी बरी होती, लीड सुधारला आणि भेटी थांबल्या नाहीत.

माझी सगळ्यात आवडती माणसं मात्र डीप स्पेस नाइनवरची, आणि त्यांच्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही. फेरेंगी, म्हणजे ते मोठ्या कानांचे व्यापारी. आर्मिन शिमरमन, मॅक्स ग्रोडेनचिक, एरन आयझेनबर्ग. अख्खं डोकं रबरात. रबरी डोकं घातलं की स्वतःचे कान झाकले जातात, समोरचा काय बोलतोय ते नीट ऐकू येत नाही, खोट्या दातांमुळे उच्चार बिघडतात, घाम आतल्या आत वाहतो, अशा अवस्थेत विनोदी सीनचं टायमिंग जमणं किती कठीण असतं ते मी माझ्या वानरांचं बघितलंय, एक बिचारा तर प्रत्येक क्यूला माझ्याकडे बघायचा आणि मी कॅमेऱ्यामागून मान हलवायचे. तर शिमरमन काय करायचा, फेरेंगींचा एपिसोड असला की सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना स्वतःच्या घरी बोलवायचा आणि तालीम घ्यायचा. पैसे नाहीत, प्रॉडक्शनने सांगितलेलं नाही. तो सीनियर, टायटलमध्ये नाव असलेला, बाकीचे दोघं गेस्ट म्हणून बोलावले जाणारे, म्हणजे काम बिघडलं तर पुढच्या वेळी न बोलावले जाणारे. त्यांचे सीन चांगले झाले म्हणून लेखक त्यांना परत परत लिहीत गेले आणि आयझेनबर्गच्या नॉगला सात वर्षांत पोरापासून सैनिकापर्यंतचा पूर्ण प्रवास मिळाला. २०१९ मध्ये आयझेनबर्ग गेला. त्या मालिकेत नॉगचा पाय जातो तो एपिसोड बघा आणि त्यामागे कुणाच्या तरी घरातल्या रविवारच्या तालमी आहेत हे डोक्यात ठेवून बघा.

आपल्याकडे असं होतं का, तर होतं, विशेषतः नाटकातून आलेली माणसं असतील तर. सायन्स फिक्शन म्हणाल तर आपल्याकडे उदाहरणंच कमी, १९९८ ला दूरदर्शनवर कॅप्टन व्योम लागायचं, त्यात मिलिंद सोमण होता, पण तो आधीच मॉडेल म्हणून प्रसिद्ध असल्याने व्योमच्या नावाने अडकला नाही. आपल्याकडे अडकतात ते पौराणिकवाले, आणि स्टार ट्रेकवाल्यांचं दुःख समजून घ्यायचं असेल तर त्यांच्याकडे बघा.

आता शेवटचं, हे स्टार ट्रेकचं नाही, बॅबिलॉन फाइव्ह या दुसऱ्याच एका अंतराळातल्या सिरीयलचं आहे, तुमच्या यादीत दिसलं नाही म्हणून सांगते. पहिल्या सीझनचा हिरो मायकल ओ'हेअर, कमांडर सिंक्लेअर. सीझन संपला आणि दुसऱ्या सीझनला एकदम दुसराच कप्तान. वर्षानुवर्षं लोक म्हणत राहिले की चॅनलने काढला असेल, अभिनय जमत नसेल, भांडण झालं असेल. खरं असं होतं की शूटिंग चालू असताना त्याला मानसिक आजाराने गाठलं, भास व्हायला लागले. निर्माता-लेखक स्ट्रॅझिन्स्कीने त्याला सांगितलं की आपण काही महिने शूटिंग थांबवू, तू उपचार घे. ओ'हेअरने नाही म्हटलं, कारण नवी मालिका अशी थांबली तर कायमची बंद पडेल आणि सेटवरच्या सगळ्यांचं काम जाईल. त्याने त्या अवस्थेत सीझन पूर्ण केला. सहकाऱ्यांनी सांभाळलं, लेखकाने गुपित ठेवायचा शब्द दिला, म्हणाला मी मरेपर्यंत कुणाला सांगणार नाही, तेव्हा ओ'हेअर म्हणाला तुझ्या नाही, माझ्या मरणापर्यंत ठेव, नंतर लोकांना सांग, कुणाला तरी उपयोग होईल. २०१२ मध्ये ओ'हेअर गेला आणि २०१३ मध्ये स्ट्रॅझिन्स्कीने भर मेळाव्यात चाहत्यांना हे सांगितलं. एवढी वर्षं लोक दोघांनाही नावं ठेवत होते आणि दोघंही गप्प होते.

मी सेटवर सगळ्यांचं काम जाईल या भीतीने ताप अंगावर काढणारे बघितलेत, पण हे फार वेगळं आहे, आणि खरं सांगायचं तर मला वाटतं त्याने थांबायला हवं होतं आणि कुणालाही असं करू नका म्हणेन. पण मैत्री कशाला म्हणायची असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. उपचारांनी त्याला बरं वाटलं तेव्हा स्ट्रॅझिन्स्कीने त्याला तिसऱ्या सीझनमध्ये दोन भागांसाठी परत आणलं, सिंक्लेअरची गोष्ट नीट पूर्ण केली. वॉर विदाउट एंड असं त्या भागांचं नाव. शेवटी सिंक्लेअर परग्रहावरचा माणूस होऊन उभा राहतो, डोक्याला मागून हाडाचा मुकुट, कपाळ पूर्ण झाकलेलं, फक्त डोळे आणि तोंड मोकळं. तो शॉट मी कामासाठी म्हणून पॉज करून बघितला होता, कडा कशा बसवल्यात ते बघायला, आणि कडा बघायच्या राहूनच गेल्या. पहिला सीझन आधी बघा मग हे दोन भाग, मधले सोडू नका, आणि बघून झाल्यावर इथे लिहा.